बागेतलं निंदण

कौशल्याबाईला त्या बागेत कुणी बोलावलं नव्हतं. कुणी बोलावलं असतं तर ती बहुधा गेलीही नसती. तिला नुसतं बसवत नव्हतं, एवढीच गोष्ट.

तिचे यजमान नत्थुजी वारले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात खुशालरावानं आईला अमरावतीला आणलं. साल सत्तावन असेल. अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरच्या अलीकडे, रेल्वे सोडून बैलगाडीनं बरंच आत गेलं की त्यांचं गाव लागायचं. काळ्या मातीचं वावर, त्यात कपाशी, ज्वारी, तूर. वावर धाकट्या दिराच्या हाती दिलं. खुशालराव बी. ए. होऊन सरकारी कचेरीत कारकून लागलेला. नुकतंच लग्न झालेलं. आई एकटी गावात राहते हे बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. कौशल्याबाईनं नाही म्हटलं नाही. त्या दिवसांत ती कशालाच नाही म्हणत नव्हती. नत्थुजींची तेरवी झाली आणि ती सरळ वेचणीला गेली होती. बोंडं फुटून कापूस लोंबत होता. पावसाचं एक शिरवं आलं असतं तर वर्षाचं मातेरं झालं असतं. गावातल्या बाया म्हणाल्या, "कायीज गोट्याचं हाय इचं." तिनं ते ऐकलं, आणि ओटीत कापूस भरत ती कपाशीच्या पुढच्या ओळीला, तासाला लागली.

अमरावतीचं घर कँपाकडे होतं. दोन खोल्या, पुढे पडवी आणि फरशी बसवलेलं अंगण. त्या अंगणात गवताची काडी उगवायला जागा नव्हती. सून शकुन कामाला चपळ. कौशल्याबाई चुलीपाशी गेली की तिच्या हातातलं काढून घ्यायची. "आत्याबाई, तुमी बसा. लय केलं तुमी जल्मभर."

तर ती बसायची. भिंतीला टेकून, पाय लांब करून, तळहात मांडीवर उताणे ठेवून. ते हात पाहिले की तिला दुसऱ्याच कुणाचे वाटत. दहा वर्षांची असल्यापासून ती वावरातलं तण निंदायला जात होती. माहेरी, मग सासरी. बायांच्या रांगेत तिचा तास नेहमी पुढे असायचा. आता त्या हातांना करायला काही नव्हतं. हात थांबले की डोकं चालू व्हायचं, आणि डोक्यात जे यायचं ते तिला नको असायचं.

घरापासून जवळच मुनसिपालटीची बाग होती. संध्याकाळी शकुन तिला तिथं घेऊन जायची. पुढच्या भागात फुलांचे वाफे, चार बाकं, कारंजं. कारंज्यात पाणी नसायचं. मागचा अर्धा भाग घाणेरीनं खाल्लेला. कुण्या काळच्या साहेबानं कुंपण म्हणून ती लावली होती, असं म्हणत. मेळघाटाकडचे लोक तिला रायमुनिया म्हणतात. नाव गोड आहे, फुलंही लाल-पिवळी देखणी. पण पान चुरगळलं की नाकाला झोंबणारा वास, आणि फांदीला काटे. बुलबुल तिची काळी फळं खायचे आणि बागभर बी टाकायचे. तिच्याखाली दुसरं काही उगवत नव्हतं. आत कुठेतरी विहीर आहे म्हणत, पण ती पाहिलेलं माणूस भेटायचं नाही.

कौशल्याबाई बाकावर बसली की तिची नजर फुलांवर जात नसे. ती त्या दाटीकडे पाहत राहायची. कुणाच्या वावरात असं माजलं असतं तर गावानं त्याला नावं ठेवली असती. हे कुणाचंच नव्हतं, म्हणून कुणी काही म्हणत नव्हतं.

एका सकाळी ती घरातला विळा पदराखाली घेऊन एकटीच आली.

बागेचा माळी रामराव. दम्याचा माणूस, कानावर बिडी, पुढच्या नळावरून घागरीनं पाणी आणून वाफे जगवायचा. साहेबलोक पुढे फिरतात म्हणून पुढचंच जगवायचा. त्यानं मागून खसखस ऐकली आणि तो धापा टाकत आला.

"काय व बाई, काय करून राहिली तू अठी?"

"निंदून राहिली."

"हे बाग हाय, वावर नोहे."

"दिसते मले."

"कोनं धाडलं तुले? मुनसिपालटीनं?"

"कोनं नाई धाडलं."

रामरावाला ते पटलं नाही. आपल्या जागी बाई ठेवायचा घाट दिसतो, असं त्याला वाटलं. तो तिथंच उभा राहून बघत होता. कौशल्याबाईनं मान वर केली नाही. तिनं घाणेरीची एक झुडपी बुडापासून कापली, ओढून बाजूला टाकली आणि दुसरीला हात घातला. काट्यांनी कोपरापर्यंत ओरखडे उठले होते. बऱ्याच वेळानं रामराव म्हणाला, "बरं, लाकडं माही बायको नेईन चुलीसाठी." आणि निघून गेला.

त्या उन्हाळ्यात तिनं रोज कापलं. घरी येताना ती इतकी दमलेली असायची की भाकर खाता खाता डोळे मिटायचे. शकुनला वाटायचं, म्हातारीला शहर मानवलं. ज्येष्ठ संपेपर्यंत बागेच्या मागे एक लांबरुंद मोकळा तुकडा दिसायला लागला. आणि पाऊस पडला तशी प्रत्येक बुंध्यातून पाच-पाच, सात-सात कोंब फुटले. दिवाळीपर्यंत तिथं पहिल्यापेक्षा दाट रान होतं.

ती त्या रानापुढे उभी राहिली. आयुष्यभर वावर केलेली बाई. पण वावरातलं तण वर्षाचं असतं. हे लाकूड होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. रामराव शेजारी येऊन उभा राहिला. त्यालाही ठाऊक नव्हतं. "साऱ्या उन्हायाचं काम पान्यात गेलं, माय," एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं तिला पहिल्यांदा माय म्हटलं. मग आपल्या खोपटातून सब्बल, लोखंडी पहार, आणून तिच्यापुढे ठेवली. "मुया काढा लागतीन."

मुळं काढायची तर एका झुडपाला सकाळ जायची. सब्बल मारायची, माती उकरायची, पुन्हा मारायची. कंबर धरायची. याच दिवसांत खुशालराव एकदा कचेरीतून आला तो टोपीही न काढता आईपुढे उभा राहिला.

"माय, तू त्या बागेत काय करतं?"

"घानेरी काढतो. काहून?"

"हेडक्लार्कानं विचारलं मले, चार लोकाईच्या समोर. म्हने, तुमची आई मुनसिपालटीत लागली काय?"

"मंग सांगाचं, नाई लागली म्हनून."

"अवं, दिसते तं तसंच ना! काष्टा मारून, हाती सब्बल. लोकाईले काय सांगू मी? आमच्या घरी खायाले नाई म्हनून?" तो वाईट मुलगा नव्हता. कचेरीत त्याची बोली ऐकून लोक आधीच हसत. तो नवा होता आणि त्याला तिथं टिकायचं होतं. "मले लाज वाटते, माय."

कौशल्याबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "नाई जात."

आणि ती खरंच गेली नाही. पुन्हा भिंतीला टेकून बसली. काही दिवसांनी शकुननं नवऱ्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि एक गोधडी त्याच्यापुढे टाकली. गोधडीचा एकही टाका शाबूत नव्हता, नुसत्या चिंध्या.

"हे काय?"

"आत्याबाईनं उसवली. बसल्या बसल्या. त्याईले मालूमही नाई आपन काय करून राहिलो ते. आता दुसरीले हात घातला हाय. तुमच्या लाजेपायी मी किती गोधड्या शिवू?"

खुशालराव चिंध्यांकडे बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला जाताना तो आईला म्हणाला, "लवकर जात जाय. लोक फिराले याच्या अंधी." ती उजाडता उजाडता जाऊ लागली.

चारुशीलाबाई तिला तिथंच भेटल्या. वकिलांच्या घरच्या, चाळिशीच्या, महिला मंडळाचं काम बघणाऱ्या. मंडळाला मुलींच्या खेळांसाठी जागा हवी होती म्हणून त्या बाग बघायला आल्या होत्या. घाणेरीच्या पलीकडून धप् धप् आवाज आला म्हणून वाकून बघतात तो एक म्हातारी गुडघ्यावर बसून मुळाशी झगडतेय.

"बाई, हे तुम्ही एकट्या करताय?"

"मंग कोन करन?"

"मी उद्या आले तर चालेल का?"

कौशल्याबाईनं त्यांच्या इस्त्रीच्या पातळाकडे पाहिलं. "या," ती म्हणाली. येतील असं तिला वाटलं नव्हतं.

त्या आल्या. यजमानांचे जुने कातडी हातमोजे घालून आल्या, आणि तासाभरात घामाघूम होऊन बाजूला बसल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. महिनाभरात त्यांनी मंडळातल्या बायकांना गोळा केलं. श्रमदानाचे दिवस होते ते; सगळीकडे रस्ते, बंधारे, शाळा श्रमदानानं होत होत्या. एका रविवारी बागेत बायकांची अशी झुंबड उडाली की कौशल्याबाईला विळा टेकायला जागा मिळेना. गाणी झाली, चिवडा झाला, कुणाच्या तरी भावानं फोटो काढला. पुढच्या रविवारी निम्म्या आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी चारजणी. मग लग्नसराई लागली, मग परीक्षा, मग ऊन. शेवटी दोघीच राहिल्या.

"मला वाटलं होतं, एकदा सुरू झालं की चालत राहील," चारुशीलाबाई म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं.

"ज्याच्या त्याच्या घरी काम असते," कौशल्याबाई म्हणाली. "आपल्या घरी नाई म्हनून आपन येतो."

असं वर्षामागून वर्ष गेलं. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. हिवाळ्यात मुळं काढायची, पावसाळ्यात बियांची रोपं उपटायची, उन्हाळ्यात जमीन दगडासारखी झाली की नुसतं कापून ठेवायचं. पुढे सरकलं की मागे उगवायचं. कधी चारुशीलाबाई आजारी, कधी कौशल्याबाईची कंबर. शकुनला मुलगी झाली, मग दुसरी. बाळंतपणात कौशल्याबाई घरी राहिली तेव्हा घाणेरीनं तितकं अंतर परत घेतलं. पण एका फाल्गुनात सब्बल दगडावर खणकन वाजली. घडीव दगड होता. दोघींनी हातांनी माती सारली. रामराव धावत आला. आठवडाभर तिघं खपत राहिली, आणि विहीर उघडी पडली. चांगली बांधीव, भोवती रुंद ओटा, शेजारी एक कडुनिंब, जो इतकी वर्षं घाणेरीत कमरेपर्यंत बुडाला होता. विहिरीला पाणी होतं. रामराव ओट्यावर बसून ढसाढसा रडला. त्याची पुढच्या नळापासूनची फेरी वाचली होती.

त्या कोपऱ्यात मग बायका येऊन बसू लागल्या. दुपारी घरची कामं आटोपून, भाजी निवडायला घेऊन. मुली लंगडी खेळायच्या. कुणाला माहीतही नव्हतं तो कोपरा कुणी मोकळा केला. कौशल्याबाईला त्याचं काही वाटायचं नाही. ओट्यावर गर्दी झाली की ती विळा घेऊन पुढच्या झुडपाकडे जायची.

एकदा दोघी निंबाखाली बसल्या असताना चारुशीलाबाईंनी विचारलं, "कौशल्याबाई, तुम्हाला थकवा येत नाही?"

"येते ना. थकाले तं येतो मी."

"म्हणजे?"

"थकलं म्हंजे झोप लागते. नाई तं लागत नाई." तिनं पायात रुतलेला काटा काढला. "आन् तुमी? तुमाले काय कमी हाय घरी?"

चारुशीलाबाईंनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "आमच्या घरी दिवसभर माणसं. पक्षकार, कारकून, पाहुणे. सगळे बोलतात. मी चहा देते. इथं तुम्ही बोलत नाही, ते मला बरं वाटतं."

कौशल्याबाईला हसू आलं. त्यानंतर त्या दोघी आणखीच कमी बोलायला लागल्या.

गाजरगवत आलं ते पासष्टच्या पावसाळ्यात. बागेच्या भिंतीपलीकडे धान्याच्या गाड्या उभ्या राहायच्या. बाहेरच्या देशातून गहू येतो त्याच्यासोबत हे आलं, असं लोक म्हणत. खरं काय ते कुणाला ठाऊक. फाटकाशी दोन-तीन झाडं दिसली. गाजराच्या पाल्यासारखी नाजूक पानं, वर पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं. रामराव म्हणाला, "पाह्य व माय, कसं सुंदर हाय. लावल्यासारखं." चारुशीलाबाईंनी त्याची फुलं नेऊन दिवाणखान्यात पितळी फुलदाणीत ठेवली. कौशल्याबाईलाही ते आवडलं. काटा नाही, लाकूड नाही. उपटलं तर दोन बोटांनी निघेल असं. तिनं ते राहू दिलं.

पुढच्या वर्षी वाफ्यांतून, कारंज्याच्या कठड्यातून, भिंतीच्या भेगांतून, विहिरीच्या ओट्याच्या सांध्यातून, जिथं बघावं तिथं ते होतं. आणि घाणेरीसारखं त्याला वर्षांची वाट बघायला नको होती. एक पीक उपटावं तो दुसरं गुडघ्याला. दोघी पहाटे जायच्या आणि ऊन वर येईतो नुसत्या उपटत राहायच्या. ढीग लागायचे. ढिगातही ते फुलत राहायचं. "ती घाणेरी बरी होती," चारुशीलाबाई म्हणाल्या, "निदान एका जागी तरी उभी राहायची."

खाज पहिल्यांदा कौशल्याबाईच्या कोपराच्या खळीत सुटली. घामोळं असेल म्हणून तिनं मुलतानी माती लावली. मग मानेला. मग पापण्यांना. निंबाच्या पाल्यानं आंघोळ करून झाली, हळद लावून झाली. ती पदर ओढून बसायची म्हणजे शकुनला दिसू नये. पण हाताची कातडी काळी, जाड, झाडाच्या सालीसारखी झाली आणि त्यातून पाणी यायला लागलं तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नाही. एका सकाळी तिचे डोळेच उघडले नाहीत. खुशालराव कचेरी बुडवून तिला टांग्यात घालून दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर तरुण होता. त्यानं हात उलटेपालटे करून पाहिले. "मलाही हे नवीन आहे," तो म्हणाला. "पण पुण्याकडे असे रोगी बघितल्याचं ऐकतो आम्ही. त्या गवतानं होतं म्हणतात. त्याला हात लावू नका, आजी. ते आहे तिथं उभ्यासुद्धा राहू नका. वाऱ्यानंही त्रास होईल."

"मंग राहू कोठी?" कौशल्याबाईनं विचारलं. "फाटकात हाय, सडकेवर हाय, तुमच्या दवाखान्याच्या नालीत बी हाय."

डॉक्टरनं मलम दिलं.

थोडं बरं वाटल्यावर खुशालरावानं तिला गावी पोचवलं. गावची हवा लागेल, कातडी सुकेल. एस. टी. मधून उतरली तेव्हा थांब्याच्या खांबाशीच तिला ते पांढरं दिसलं. महिनाभरात हात बरे झाले. वेचणीचे दिवस होते. ती एका सकाळी वावरात गेली, इतक्या वर्षांनी. बाया तासाला लागल्या होत्या. आणि धुऱ्यावर, बांधाच्या वळणाशी, गाजरगवताची तीन झाडं डोलत होती.

"भाऊजी, हे काढा," ती दिराला म्हणाली. "आत्ताच काढा. फुलाच्या अंधी."

"वहिनी, तीन तं झाडं हायेत," तो हसला. "बकऱ्या खातीन."

"बकऱ्या तोंड लावत नाई त्याले."

"वेचनी होऊ द्या, मंग काढतो." आणि तो गाडी जुंपायला गेला.

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग पोत्याचा तुकडा हाताला गुंडाळला, पदरानं तोंड बांधलं, आणि तिन्ही झाडं मुळासकट काढून वाळल्या पालापाचोळ्यात घालून जाळली. धूर तिच्याच अंगावर आला. दिवस कलायच्या आत तिचे डोळे मिटले होते आणि गळा सुजला होता. जाऊ रुख्मिणीनं तिला वावरातल्या खोपीत बाजेवर निजवलं आणि तिच्या डोळ्यांवर ओलं फडकं ठेवलं.

बाहेर बाया बोलत होत्या. बोंडातून कापूस ओढल्याचा आवाज येत नाही, पण तिला तो ऐकू येत होता. सगळ्यांचे हात चालू होते. तिचेच चिंध्यांत बांधून छातीवर ठेवलेले. डोळे मिटलेले, त्यामुळे बघायलाही काही नाही. आणि मग दहा वर्षांनी, त्याच वावरात, नत्थुजी तिच्यापुढे आले. धुऱ्यावरून येताना ते तिला लांबूनच हाक मारायचे, "कौशल्या व!" हाक मारून काही सांगायचं नसायचं. नुसतीच हाक. तापानं गेले तेव्हा तिसऱ्या दिवसापासून त्यांना बोलता येत नव्हतं. ती हाक शेवटची कधी ऐकली, हे तिला आठवेना. तिनं आठवून आठवून पाहिलं. मग तिच्या घशातून असा आवाज निघाला की बाहेरच्या बायांचं बोलणं थांबलं.

रुख्मिणी बाजेच्या कडेला बसली. तेरवीनंतर दगडाचं काळीज म्हणणाऱ्यांत तीही होती. "बाई, नोको रडू," ती म्हणाली, "डोये अजून सुजतीन."

"सुजू दे."

रुख्मिणी फडकं वाळलं की ओलं करून ठेवत राहिली. बाया आपापल्या ओट्या रिकाम्या करून, खोपीत न डोकावता, हळूच घरी गेल्या.

त्यानंतर कौशल्याबाई फार दिवस गावात राहिली नाही. तेच तण तिथंही येणारच होतं, आणि नातींची आठवण येत होती. खुशालराव न्यायला आला. ती अमरावतीला परतली तेव्हा रामरावाला पेन्शन होऊन गेली होती. त्याच्या जागी मुनसिपालटीनं कुणी नेमलं नव्हतं. बागेचा पुढचा भाग, जिथं साहेबलोक फिरायचे, तोच आता गवतानं भरला होता. विहिरीकडचा कोपरा तेवढा शिल्लक होता. चारुशीलाबाई अजून जात होत्या. शिवाय ओट्यावर भाजी निवडायला येणाऱ्या बायका बोलता बोलता शेजारी उगवलेलं उपटून टाकायच्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्यातल्या एकीची बोटं सुजली, तिनं येणं सोडलं. बाकीच्या हाताला फडकं बांधून उपटायच्या.

कौशल्याबाईला त्या फाटकातून आत जाता येत नव्हतं. सुरुवातीला तिला ते फार लागलं. शकुननं वाती वळायला कापूस दिला तर तिनं तो परत केला. "मले नाई जमत हे बसल्या बाईचं काम." मग मोठ्या नातीचे केस विंचरणं तिच्याकडे आलं, धाकटीला भरवणं आलं. मुली तिच्या खरखरीत हातांना नावं ठेवायच्या आणि तरी तिच्याच मांडीवर येऊन बसायच्या. झोप मात्र आता लागायची. न थकताही लागायची. याचं तिला नवल वाटायचं.

चारुशीलाबाई बागेतून परतताना तिच्या घरावरून जायच्या. पातळाला गवताचा धुरळा असतो म्हणून त्या आत येत नसत. अंगणाच्या बाहेरच्या पायरीवर बसायच्या, आणि कौशल्याबाई पडवीत. मध्ये फरशीचं अंगण. चारुशीलाबाई त्या दिवशीचं सांगायच्या: निंबाच्या बाजूचं काढलं, कारंज्याकडे हात पोचला नाही.

अडुसष्टच्या श्रावणात त्या अशाच एकदा आल्या. पाऊस नुकताच थांबला होता. त्यांचे केस आता बरेच पांढरे झाले होते, हे कौशल्याबाईला तेव्हा दिसलं. त्या पायरीवर बसल्या.

"आज काय काढलं, बाई?"

"काही नाही," चारुशीलाबाई म्हणाल्या. "जाऊन उभी राहिले आणि परत आले. काल जिथं साफ केलं तिथं आज हिरवं. किती वर्षं झाली हो आपल्याला?"

"कोनं मोजलं."

"माझ्यानं नाही होत आता, कौशल्याबाई."

कौशल्याबाईला वाटलं, आपण काहीतरी धीराचं बोलावं. पण तसं काही तिच्या तोंडात आलं नाही. "उद्या नका जाऊ," ती म्हणाली. "परवा बी नका जाऊ. बसा."

"आणि कोपरा?"

"कोपरा पाहू मंग. बाया हायेत तठी."

चारुशीलाबाईंनी पायरीशेजारच्या खांबाला पाठ टेकली. गल्लीतून एक सायकल गेली. आतून धाकटी नात काहीतरी मागत रडत होती, शकुन तिला समजावत होती. कौशल्याबाई अंगणापलीकडे पाहत राहिली. थोड्या वेळानं चारुशीलाबाईंची मान कलली, हात मांडीवरून घसरून पायरीवर आला. त्यांना झोप लागली होती.

शकुन चहाचे कप घेऊन दारात आली आणि थबकली.

"आत्याबाई, बाईले उठवू काय?"

"नोको," कौशल्याबाई हळू आवाजात म्हणाली. "ने तो चहा. उठल्यावर दुसरा मांडजो."